स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे

स्टोरेज अ‍ॅरेमधील (अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या यंत्रणेतील) व्हर्च्युअल डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे तिच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, काही सेकंदांत तयार होतो, कारण कॉपी-ऑन-राइट पद्धतीत त्या क्षणी डेटा कॉपी होतच नाही. पुढे मूळ डिस्कवरील एखादा ब्लॉक (डेटाचा ठरावीक आकाराचा तुकडा) बदलायची वेळ आली, की अ‍ॅरे त्यातला जुना डेटा आधी राखीव जागेत ठेवतो आणि मगच नवा लिहू देतो. ५०० जीबीच्या डिस्कवर २० जीबीचे निरनिराळे ब्लॉक बदलले, तर राखीव जागा साधारण तेवढीच लागते. न बदललेले ब्लॉक मात्र मूळ डिस्कवरच राहतात, त्यामुळे तिचा रेड गट (ती ज्यावर उभी आहे तो प्रत्यक्ष डिस्कचा समूह) कोसळला, तर स्नॅपशॉटही गेलाच. बॅकअपच्या नावाखाली मी निदान वेगळ्या गटावरचा पूर्ण क्लोन (सगळ्या डेटाची स्वतंत्र प्रत) तरी मागतो.

रोलबॅकचा, म्हणजे डिस्क स्नॅपशॉटमधील जुन्या स्थितीत परत नेण्याचा, धडा मला स्वतःच्या चुकीतून मिळाला. सर्व्हरवर डिस्क अनमाउंट न करताच (म्हणजे ती वापरातून न सोडवताच) मी जुनी स्थिती परत आणली. सर्व्हरच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) उरलेली नवी माहिती थोड्या वेळाने त्या जुन्या ब्लॉकांवर लिहिली गेली आणि फाइल सिस्टीम बिघडली. सुदैवाने (सावधपणाने नव्हे) क्लोन शिल्लक होता. आता मी आधी डेटाबेस थांबवतो, डिस्क अनमाउंट करतो, बिघडलेल्या स्थितीचाही एक स्नॅपशॉट घेतो आणि त्यानंतरच रोलबॅकचे बटण दाबतो.