मॉरवेनस्टोची लग्नं शोधताना

नवऱ्याच्या पणजीचं माहेर इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या कॉर्नवॉलच्या अगदी उत्तर टोकाला, समुद्रालगतच्या मॉरवेनस्टो पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग). तिच्या मागच्या पिढ्यांची लग्नं धुंडाळायला आम्ही दोघं नुकतेच तिकडे जाऊन आलो. अशा शोधासाठी जाणाऱ्यांनी थेट चर्च गाठू नये. जुन्या नोंदवह्या आता तिथे नसतात, त्या रेडरुथच्या 'क्रेसेन केर्नो' या अभिलेखागारात आहेत. जुन्या ब्रुअरीच्या जागेवर २०१९ साली उघडलेली ही वास्तू रेडरुथ स्टेशनापासून चालत जाण्यासारखी आहे. उघडण्याचे वार आधी बघा, ओळखपत्र जवळ ठेवा आणि पेन्सिल न्या. पेन चालत नाही. 'कॉर्नवॉल ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स'च्या मोफत सूचीत घरूनच नावं काढून ठेवली तर तिथला बराच वेळ वाचतो.

वह्या वाचताना १७५४ साल मनात पक्कं ठेवा. लॉर्ड हार्डविक यांचा विवाह कायदा त्या वर्षी २५ मार्चला लागू झाला. त्याआधीची नोंद म्हणजे बहुधा एकच ओळ: तारीख आणि दोन नावं. नंतर छापील नमुना आला. लग्न तीन रविवारी चर्चमध्ये पुकारा (जाहीर घोषणा) करून झालं की परवान्यावर, तेही कळू लागलं, आणि खाली वर, वधू व किमान दोन साक्षीदारांच्या सह्या. लिहिता न येणाऱ्याची तिथे फुली असते आणि तिच्या आजूबाजूला दुसऱ्याच्या अक्षरात त्याचं नाव. काही फुल्या इतक्या दाबून काढलेल्या की लेखणी हातात धरायची सवय नव्हती हे लगेच समजतं. मी त्या पानांवर खूप रेंगाळले. साक्षीदारांची नावं मात्र जरूर उतरवून घ्या. एकच नाव पानोपानी आलं तर तो बहुधा चर्चचा क्लार्क. एकदाच आलेलं नाव भावाचं किंवा मेहुण्याचं असू शकतं.

१७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, तेव्हा वहीतला फेब्रुवारी १७२० म्हणजे आपला १७२१.

वय, धंदा आणि वडिलांचं नाव जुलै १८३७ पासून मिळतं. आईच्या नावाला जागा मिळायला मे २०२१ उजाडावं लागलं! पिढ्यान्‌पिढ्या शेतात, गोठ्यात राबलेल्या या बायका मुलांच्या लग्नाच्या कागदावर कुठेच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटलं. आईचा माग बाप्तिस्म्याच्या नोंदींतूनच काढावा लागतो.

इथले प्रसिद्ध व्हिकर, म्हणजे पॅरिशचे धर्मगुरू, रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी १८३५ ते १८७५ या काळात इथली चर्च सांभाळली. १८२३ साली पहिलं लग्न झालं तेव्हा ते १९ वर्षांचे आणि पत्नी ४१ची. दुसरं लग्न १८६४ मध्ये साठीत, विशीतल्या मुलीशी, तेही लंडनच्या पॅडिंग्टनमध्ये. म्हणजे व्हिकरचं लग्नसुद्धा स्वतःच्या पॅरिशच्या वहीत सापडत नाही. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये लागायचं, म्हणून शेजारच्या किल्कहॅम्प्टनच्या वह्याही चाळा.

रेडरुथहून मॉरवेनस्टोला गाडीनं दोनेक तास धरा. जवळच्या ब्यूड गावाची रेल्वे १९६६ सालीच बंद झाली आणि शेवटचे रस्ते इतके अरुंद आहेत की समोरून ट्रॅक्टर आला की मागे घ्यावं लागतं. चर्चची नॉर्मन कमान आणि बाकांवरचं कोरीवकाम सावकाश बघा. १८४२ साली फुटलेल्या 'कॅलेडोनिया' जहाजाच्या पुढच्या टोकावरची पांढरी लाकडी मूर्ती आता आत ठेवली आहे, आवारात तिची प्रतिकृती आहे. किनाऱ्याला लागलेल्या खलाशांची प्रेतं हॉकर स्वतः शोधून आणत आणि रीतसर दफन करत. शेतांतून कड्याकडे गेलं की त्यांनी फुटक्या जहाजांच्या लाकडांची बांधलेली खोपी लागते. नॅशनल ट्रस्टची ही सर्वांत लहान मालमत्ता. वारा भयंकर असतो, चांगले बूट हवेतच.

उत्तरेचा मार्सलंडचा ओढा ओलांडला की डेव्हन परगणा आणि वेलकम पॅरिश. हॉकर तिथलंही काम पाहत, सोयरिकीही ओढ्यापलीकडे होत, पण तिथल्या वह्या डेव्हनमधल्या बार्नस्टेपल गावी आहेत. परवान्यावरच्या लग्नांचे काही कागद डेव्हनमधल्या एक्सेटरलाही असू शकतात, कारण १८७६ पर्यंत कॉर्नवॉल एक्सेटरच्या बिशपच्या अखत्यारीत होता. आमचं बार्नस्टेपल राहिलं आहे. तुम्ही मुक्कामाचं ठरवत असाल तर त्यासाठी एक पूर्ण दिवस वेगळा काढा, तोही कामाच्या वारी.