साताऱ्याचे कागद वाचायला पुण्याला

सकाळी साताऱ्याच्या स्टँडवर शेजारचे तात्या भेटले. पुण्याला जुने कागद बघायला निघालेय म्हटल्यावर म्हणाले, "एवढा राजवाडा हितं असताना कागद बघायला पुण्याला व्हय?"

त्यांचं म्हणणं मलाही लागतंच. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, हे शहरही त्यांनीच वसवलं. १७४९ मध्ये ते गेले आणि कारभाराचं बळ पुण्याकडे सरकलं. १८४८ साली इंग्रजांनी सातारचं राज्य खालसा केलं. छत्रपतींचं दप्तर आज पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दप्तराच्या शेजारी आहे. म्हणून खंबाटकीचा घाट ओलांडायचा.

काळ्या दगडाच्या त्या इमारतीत तीस हजारांहून जास्त रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. कर्मचाऱ्यांनी माझ्यासमोर एकाची गाठ सोडली, तेव्हा मी हात मांडीवरच ठेवले. घाई करून चालणार नव्हतं.

रोजकीर्दीची पानं होती. रोजचे हुकूम, जमा, खर्च. मोडी लिपीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात, मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत जातात. दोन शब्दांत जागा नसते, त्यामुळे शब्द कुठं तुटतो ते अर्थावरून ओळखायचं. वर्गात दीड वर्ष मोडी शिकूनही पहिली ओळ लागायला मला पाऊण तास लागला! पण तारीख लागली: सीत सलासीन मया व अलफ. अरबीतले आकडे: सहा, तीस, शंभर, हजार. म्हणजे शुहूर सन ११३६, मराठी दप्तरांतली जुनी कालगणना. हे मृगसाल, मृगाला सुरू होतं. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७३५, आणि जानेवारी उजाडल्यावर ६०० मिळवायचे. शाहू महाराज तेव्हा साताऱ्यात होते. दोन ओळी खाली 'सातारा' हा शब्द दिसला आणि माझे डोळे भरून आले. त्या कारकुनाने तो किती सहज लिहिला होता, रोजच्यासारखा.

या कागदांच्या प्रती तरी साताऱ्यात बसून वाचता यायला हव्यात. आमच्याकडची शाळकरी मुलं पेठांची नावं रोज पत्त्यात लिहितात, त्यांना ती मोडीत बघायला मिळाली पाहिजेत.

पाच वाजता रुमाल पुन्हा बांधला गेला. त्याचा क्रमांक वहीत उतरवून घेतलाय. पुढच्या गुरुवारी तिसऱ्या पानापासून.