आमचा हिरो अखेर थांबला

लेकीच्या हातातल्या गेममधला हिरो दोन महिने कुणी हात न लावता डावीकडे चालत सुटायचा. आज जेवणं उरकल्यावर टेबलावर पांढरा पंचा अंथरला (पडलेला स्क्रू दिसावा म्हणून) आणि बसलो गेमची काडी (हिरोला चालवणारी जॉयस्टिक) बदलायला.

स्क्रू तीन पाकळ्यांचे, घरातला एकही पेचकस लागू नाही. त्यासाठी वेगळा सेट आणावा लागला. आधी बॅटरीची पिन काढली, मग आत शिरलो. जुन्या काडीखाली कार्बनचा पट्टा असतो, त्यावर बारीकशी पत्री सतत घासते. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण खरखरतं ना, तोच आजार. नव्या काडीत घासणं नाहीच. चुंबक हलतो आणि सेन्सर त्याचं क्षेत्र मोजतो. हा सेन्सर ज्या परिणामावर चालतो, तो अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधला, आणि मी तो आज डाळभाताच्या टेबलावर वापरतोय!

खरा घाम फोडला तो काडीच्या रिबन केबलने, म्हणजे फितीसारख्या चपट्या तारेने. तिला धरून ठेवणारी काळी पट्टी तांदळाच्या दाण्याएवढी. ती वर उचलायची असते, मी ओढत होतो. तुटली नाही हे नशीब. केबल परत बसवताना चिमटा धरलेला हात थरथरायला लागला. बायको डोकावून म्हणाली, "चहा ठेवू, की पेशंट अजून टेबलावर आहे?"

कॅलिब्रेशन केलं, म्हणजे काडीचा मध्य कुठे ते गेमला शिकवलं. हिरो जागचा हलला नाही. लेकीने दोन मिनिटं खेळून निकाल दिला, "बाबा, जरा कडक झालीये."

पंच्यावर एक स्क्रू उरलाय. तिला अजून सांगितलं नाही.