चित्रांच्या पाठीवरचे पत्ते : मंडळाच्या इतिहासलेखनाची प्रगती

लातुरातील आमच्या हौशी चित्रकारांच्या मंडळाचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा इतिवृत्ताच्या वह्यांवरून सनावळी सहज जुळेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात दोनच वह्या हाती आल्या. एकीची सुरुवातीची पाने वाळवीने खाल्ली आहेत आणि दुसरीत वर्गणी व चहाचा हिशेब सोडून फारसे काही नाही. (चहाचा हिशेब मात्र पैशापर्यंत चोख आहे.) म्हणून आता पत्र्याच्या ट्रंकेतील चित्रेच वाचायला घेतली आहेत.

चित्रावर तारीख घालण्याची सवय आमच्यापैकी कोणालाच नव्हती. परंतु मंडळ सुरू करणारे ड्रॉइंगचे सर पाठीवर गाव, तालुका आणि जिल्हा लिहायला लावीत, आणि तोच आग्रह आता उपयोगी पडत आहे. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झाला, तर हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून. त्यामुळे औशाच्या किल्ल्यामागे 'जि. उस्मानाबाद' किंवा औंढा नागनाथाच्या देवळामागे 'जि. परभणी' असे आढळले, की चित्राच्या काळाचा अंदाज बांधता येतो. तो अंदाजच समजावा, कारण जुन्या जिल्ह्याचे नाव लिहिण्याची सवय माणसाच्या हातातून लवकर जात नाही.

या आठवड्यात सर्वाधिक वेळ घेतला तो किल्लारीच्या एका जलरंगातील चित्राने. पाठीवर 'ता. औसा, जि. उस्मानाबाद' असे आहे. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, त्यांवर मातीची माळवदे, आणि एका माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्या. मिरच्यांचे लाल ठिपके कडेला जराही पसरलेले नाहीत, म्हणजे खालचा वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, पूर्ण वाळेपर्यंत चित्रकार थांबला होता. आमच्या मंडळात हा संयम दुर्मीळच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात असल्याच भिंती आणि त्यांवरचा मातीचा भार झोपेतल्या माणसांवर कोसळला, आणि पुढे गावाचे पुनर्वसन दुसऱ्या जागी झाले. चित्रावर सरांच्या अक्षरात एवढाच शेरा आहे : 'डावीकडील सावली फार काळी.' ती खरोखरच काळी आहे.

एक चूक नोंदवणे भाग आहे. याच चित्राच्या कोपऱ्यावरची जुनी, पिवळी पडलेली सेलोटेप मी नखाने सोडवायला गेलो आणि तिच्याबरोबर कागदाचा वरचा पापुद्रा निघून आला. आता टेप आहे तशीच ठेवून, तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेतो आणि दोन चित्रांमध्ये बटर पेपर घालतो.

ट्रंक अर्धी झाली आहे. आणखी एक गुंडाळी उदगीरला एका जुन्या सभासदांच्या माळ्यावर आहे. पावसाळ्यापूर्वी ती खाली काढून ठेवण्याचे त्यांनी कबूल केले आहे.