नसलेल्या दोराची रस्सीखेच

नाट्यवर्गात नव्यानं आलेल्या मुलांची पहिली तक्रार ठरलेली असते: "ताई, संवाद कधी देणार?" मी संवाद देत नाही, आधी नुसतं चालायला लावते. हॉलभर पसरून चालायचं, एक थांबला की सगळ्यांनी थांबायचं, एक निघाला की सगळ्यांनी निघायचं. इशारा कोणी द्यायचा नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना हा निव्वळ छळ वाटतो.

एका बॅचमध्ये एक भारी हजरजबाबी मुलगा होता. उत्स्फूर्त प्रवेशात त्यानं तोंड उघडलं की हशा ठरलेला, आणि प्रवेशही तिथेच गार. समोरची घाबरून म्हणाली, "डॉक्टर, माझ्या मुलाचा पाय बघा ना," की हा म्हणणार, "मी प्लंबर आहे." टाळ्या याला आणि ती बिचारी तोंड उघडं टाकून उभी. समोरच्यानं पुढे केलेली गोष्ट अशी उडवून लावली की खेळायला काही उरतच नाही. हे मी त्याला सांगितलं होतं आणि त्याला पटलंही होतं. पटून काही होत नाही, हा माझा आजवरचा अनुभव.

त्या दिवशी रस्सीखेच घेतली, दोराशिवाय. दोन्हीकडे सहा-सहा जण. शिट्टी वाजली आणि दोन्ही बाजू जिंकल्या! सगळे जोर लावून मागे सरकले. मधला दोर रबरासारखा ताणला जाऊन दुप्पट लांब झाला. बघणारी मुलं खो-खो हसायला लागली.

खेळ न थांबवता मी बाहेरून ओरडत राहिले: "दोर लांब होत नाही! मुठीत जाडी ठेवा! ते मागे गेले, मग तुमचं काय झालं?" ही बाहेरून सूचना देत राहण्याची पद्धत अमेरिकन नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांची. १९३९च्या सुमारास शिकागोत त्या ज्या मुलांबरोबर नाटकाचं काम करत, त्यांत स्थलांतरितांची मुलं बरीच होती. अभिनयावर व्याख्यान झोडून तिथे भागणार नव्हतं. मग त्यांनी खेळ रचले. प्रत्येक खेळात डोकं गुंतवायला एक नेमकं काम दिलेलं असतं. इथे ते काम म्हणजे दोर, जिंकणं नव्हे.

दुसऱ्या फेरीत हा मुलगा सर्वांत पुढे होता. समोरचीनं टाचा रोवल्या, कंबर खाली घेतली, खांदे मागे टाकले. त्याचा हात आपोआप पुढे गेला, मग खांदा, मग तोल जाऊन एक पाऊल. चेहऱ्यावर चक्क आश्चर्य! त्याला कोणी ओढलं नव्हतं, तरी तो ओढला गेला होता. मला जास्त नवल वाटलं ते त्याच्या रांगेतल्या शेवटच्या मुलीचं. तिला समोरचा संघ दिसतच नव्हता, दिसत होती फक्त पुढच्याची पाठ. ती पाठ हलली त्याच क्षणी तिची टाच घसरली. खऱ्या दोरात ओढ हाताला कळते, इथे ती डोळ्यांनी घ्यावी लागते. चालण्याचा तो कंटाळवाणा खेळ याचसाठी असतो, पण हे आधी सांगून कोणाला खरं वाटणार?

एवढ्यात बघणाऱ्यांतला एक जण पाणी प्यायला निघाला. दोन संघांच्या मधून सरळ जाता आलं असतं. तो मध्येच थांबला आणि शेवटच्या मुलीच्या मागून वळसा घालून गेला. कोणी काही बोललं नाही. त्याच्या स्वतःच्या ते लक्षातही आलं नसावं.

ती फेरी आमचा हजरजबाबी मुलगा हरला. तोंडावर आपटला आणि उठून म्हणाला, "ताई, आम्हाला अजून एकदा हरू दे."

लगेच मी त्याला डॉक्टरचा प्रवेश पुन्हा दिला. "डॉक्टर, माझ्या मुलाचा पाय!" प्लंबर जिभेवर आलेला मला स्पष्ट दिसला. पण तो गुडघ्यावर बसला, नसलेला पाय दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि आईकडे बघून विचारलं, "कधीपासून निळा आहे?" आता उत्तर तिला शोधायचं होतं. तिनं शोधलं, आणि प्रवेश चांगला पाच-सहा मिनिटं चालला. विनोद झाले, पण ते तिच्या वाट्याला आले.

पुढच्या वर्गात त्यानं पुन्हा दोन-तीनदा प्लंबर केलाच. तेव्हा बाकीची मुलं ओरडली, "अरे, दोर ताणतोयस!"