दोन्ही बाजूंना कलणारं टेबल

आमच्या कारखान्यात एकाच अंगावर रंधा, गोल करवत आणि ड्रिल असलेलं मशीन आहे. सगळं बिडाचं, २ एचपीची मोटर. करवतीचं पातं उभंच राहतं, तिरका काप हवा असेल तर टेबल कलवायचं. पण कलतं फक्त उजवीकडे, ४५ अंशांपर्यंत. एवढी वर्षं तेवढ्यावर भागलं.

यंदा म्हार्दोळच्या एका घरून देव्हाऱ्याचं काम आलं, चवथीआधी हवं होतं. खांब चार, प्रत्येक अष्टकोनी, आतून पोकळ, आणि मंगेशीच्या दीपस्तंभासारखा वर निमुळता होत जाणारा. लाकूड फणसाचं. एका खांबाला आठ पट्ट्या, म्हणजे ३२ पट्ट्या. प्रत्येक पट्टी खाली ३३ मिमी, वर २३ मिमी, आणि दोन्ही कडांना २२.५ अंशांचा काप.

सरळ पट्टी असती तर एक कड कापून पट्टी टोकाकडून टोकाकडे फिरवली की झालं. निमुळत्या पट्टीला ते चालत नाही. फिरवली की दुसऱ्या कडेला करवत लाकडाच्या रेषेच्या उलट जाते. फणसाची रेष मुळात गुंतलेली, त्यामुळे पातळ कडेची कूस निघते. पहिल्या तीन पट्ट्या अशाच वाया गेल्या. पिवळंधमक लाकूड आणि कडेला दातांनी चावल्यासारख्या चिप्प्या. ते लाकूड मी सहा वर्षं वाळवून ठेवलेलं, जिवाला लागलं. टेबल डावीकडेही कललं तर पट्टी फिरवायला नको. वरची बाजू वरच, पुढचं टोक पुढेच, फक्त पात्याच्या पलीकडे न्यायची.

टेबलाखाली दोन कमानी आहेत, त्यांच्यात वाकडी खाच आणि खाचेत बोल्ट. खाच शून्यावर संपते म्हणून टेबल तिथे अडतं. मला वाटलं, खाच डावीकडे वाढवली की काम झालं. ड्रिलने ओळीने भोकं पाडली, कानस मारली, एक अख्खी दुपार गेली. प्लग काढून टेबल १५ अंश डावीकडे कलवलं आणि पातं हाताने फिरवलं. खर्र! पातं टेबलाच्या फटीला घासत होतं.

टेबल ज्या बिंदूभोवती फिरतं तो वरच्या पृष्ठभागाच्या १८ मिमी खाली होता. तो बिंदू जितका खोल, तितकी कलताना फट बाजूला सरकते: खोली गुणिले कोनाचा टॅन. १५ अंशांना जवळपास ५ मिमी, २२.५ ला साडेसात. पात्याच्या बाजूला जागा होती ३ मिमी. उजवीकडे फट आधीच रुंद पाडलेली, म्हणून हे कधी लक्षात आलं नव्हतं. डावीकडेही तशीच रुंद करता आली असती, पण रुंद फटीत पातळ तुकडा पडून अडकतो आणि पातं तो अंगावर फेकतं. ते मी करणार नव्हतो.

म्हणजे फिरण्याचा बिंदूच टेबलाच्या पृष्ठभागावर आणायला हवा. तिथे पिन बसवता येत नाही, तिथून तर लाकूड जातं. पण खाचेचा मध्य तिथे धरता येतो. जाड पुठ्ठ्यावर कंपासने ११० मिमी त्रिज्येची कमान काढली आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या वयस्कर टर्नरने पुठ्ठा पाहून आधी एकच गोष्ट सांगितली, "बाब, बिडाला वेल्डिंग लावू नकात हां. आज धरतलें, फाल्यां तडकतलें." म्हणजे आज धरेल, उद्या तडकेल. जुन्या कमानीच्या भोकांवरच बोल्टने बसतील अशा १० मिमी पोलादी पाट्या त्यांनी कापून दिल्या. एका बोल्टवर कमान डुलते, म्हणून प्रत्येक खाचेत दोन बोल्ट, ४० मिमी अंतरावर. डावीकडे २८ अंशांवर टेबलाची कड रंध्याच्या अंगाला टेकते. मला २२.५ पुरेसे होते, तिथे थांबलो.

टेबलाच्या जाडीमुळे पातं खालच्या बाजूला अजून घासलं असतं. म्हणून फटीची लाकडी पट्टी नवी केली आणि तिची खालची कड दोन्ही बाजूंनी तिरकी तासली. वरून फट अरुंदच.

सगळ्यात जास्त वेळ शून्य अंश पक्का करायला लागला. पूर्वी टेबल आपोआप थांब्यावर टेकायचं, आता थांबाच नाही. गुण्या लावून टेबल पात्याशी काटकोनात आणलं, एक फळी कापली, अर्धा तुकडा उलटा करून कापाला काप भिडवला. उजेड दिसला. असा पडताळा घेतला की चूक दुप्पट दिसते, म्हणून मला हा आवडतो. सहाव्या खेपेला उजेड बंद झाला, तेव्हा कमान आणि आधार यांतून एकच भोक पाडून टेपर पिन, म्हणजे निमुळती खुंटी, ठोकली. खांबाला १६ कडा असतात. प्रत्येकीला अर्धा अंश चुकला तरी शेवटचा सांधा ८ अंश उघडा राहतो.

कुणी हे करणार असेल तर गाईड, म्हणजे लाकूड जिला टेकवून पुढे सरकवतात ती पट्टी, विसरू नका. टेबल ज्या बाजूला उतरतं, गाईड त्याच बाजूला हवं. डावीकडे कलवून गाईड उजवीकडेच ठेवलं तर लाकूड घसरत पात्याकडे जातं आणि मध्ये अडकतं. मी लाकूड धरायच्या दोन पाट्या केल्या, डावी आणि उजवी, आणि त्यांवर खडूने बाण काढले.

आठ पट्ट्या चिकटपट्टीवर ओळीने मांडल्या, कडांना फेव्हिकॉल, गुंडाळल्या आणि वरून सायकलची जुनी ट्यूब ताणून बांधली. रात्रभर पाऊस. सकाळी ट्यूब सोडून खांब दारातल्या उजेडासमोर धरला आणि आतून डोळा लावला. आठही सांधे काळे, कुठेच रेघ नव्हती. मुलाला हाक मारून त्यालाही बघायला लावलं.