गोपनीय फाइल आणि शिसपेन्सिल

लंडनमध्ये गुप्तचर यंत्रणांच्या अभ्यासात एमए करते आहे, असे सांगितले की साताऱ्याची आत्या अजूनही ‘म्हणजे तू हेर होणार का गं?’ असे विचारते. आज ब्रिटिश लायब्ररीच्या वाचनकक्षात तिची आठवण होऊन हसू आले, कारण तिथे साधे पेनसुद्धा आत नेऊ देत नाहीत. शिसपेन्सिल, वही आणि पारदर्शक पिशवी एवढाच माझा सरंजाम होता.

समोर ‘इंडियन पोलिटिकल इंटेलिजन्स’ची फाइल होती. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्यानंतर, परदेशातील हिंदी क्रांतिकारकांवर नजर ठेवण्यासाठी ही यंत्रणा उभी राहिली आणि तिची सूत्रे मुंबई इलाख्याच्या पोलीस सेवेतील जॉन वॉलिंजर यांच्याकडे आली. काहीतरी थरारक वाचायला मिळेल ही माझी अपेक्षा (खोटे कशाला बोलू?) पहिल्या वीस पानांतच विरली. वाटेत उघडून नकलून घेतलेली पत्रे, सभेला कोण कोण आले याच्या याद्या, पासपोर्ट द्यावा की नाही यावरचे शेरे, आणि प्रत्येक शेऱ्याखाली कोणाची तरी आद्याक्षरे व तारीख.

वर्गात माहिती गोळा करण्यापासून ती वरिष्ठांपर्यंत पोहोचवण्यापर्यंतचे जे चक्र आम्ही फळ्यावर सुबकपणे काढतो, त्यात ही कारकुनी कुठेच दिसत नाही. कोणता कागद पुढे पाठवायचा आणि कोणता दाबून ठेवायचा, हे मात्र त्या आद्याक्षरांमागचा माणूसच ठरवत असणार. प्रबंधासाठी आता त्याच्याच मागावर आहे. उद्या पुन्हा जायचे आहे, पेन्सिलीला टोक करून.